झाडूचा मार

"रोपं आहेत ती वहिनी, सवत नाही तुमची! सकाळी सकाळी झाडूनं कोण मारतं त्यांना?"

मफलर बांधावरून ओरडला. भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून फिरणाऱ्याला गाव दुसरं काय म्हणणार? वहिनी त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून आपल्या वाटणीची पट्टी ती एकटी कसते. माझं शेत दोघांना लागून, त्यामुळे त्यांची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

वहिनीनं मान वर केली नाही. मऊ पडलेला जुना झाडू ती मिरचीच्या रोपांवरून हलक्या हातानं फिरवत होती.

"मारत नाही भावोजी, वाऱ्याची ओळख करून देते. उद्या शेतात तो काय विचारून येणार आहे?"

रोपांचे तिनं लाड असे केलेच नाहीत. कधी उन्हात, कधी सावलीत, एखाद्या दिवशी मुद्दाम पाणी तोडलेलं. किडे दिसले तर बोटानं टिपायचे, फवारा नाही. रोपं बुटकी राहिली, पण देठ टणक.

मफलरचं बी त्याच पुडीतलं, अर्धं अर्धं वाटून घेतलेलं. पण त्यानं जाळीचं घर उभारलं. आत पंखा, गाळलेलं पाणी, पाय धुतल्याशिवाय प्रवेश नाही. त्याच्या बायकोला एकदा आत शिंक आली, तर तिला तीन दिवस बंदी घातली. "बरं झालं, तेवढे दिवस पाणी वाहायचं वाचलं," ती मला म्हणाली. रोपं मात्र वीतभर उंच, हिरवीगार. ती दाखवायला त्यानं अख्खं गाव फिरवून आणलं आणि चारचौघांत डाव टाकला.

"लावणीनंतर महिन्यानं बघू. माझी रोपं सरस निघाली, तर पट्टी माझ्याकडे द्या नि घरी आरामात बसा. तुमची निघाली, तर मी पुन्हा पट्टीचं नाव काढणार नाही."

त्याचा पट्टीवर डोळा होता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. वहिनी "बरं" म्हणाली. मला मफलरचा भयंकर राग आला.

"वहिनी, कशाला हो म्हणालात?" मी नंतर विचारलं.

"नाही म्हटलं तर जन्मभर डोकं खाईल. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

लावणीला दोन दिवस उरले आणि मफलरला कुठल्याशा रोपवाटिकेत कळलं, की झाडूचा हात फिरलेली रोपं खरंच काटक होतात, रोगालाही सहजी दाद देत नाहीत. तो थेट वहिनीच्या दारात.

"जरा झाडू द्या. जाळीघरात कोळ्यांनी जाळी केलीत."

वहिनीनं कोपऱ्यातला झाडू काढून दिला. "न्या. पण हलक्या हातानं. आणि रोज थोडं थोडं."

"कोळ्याच्या जाळ्याला कसला आलाय हलका हात?"

त्या दुपारी त्यानं सगळी रोपं रणरणत्या उन्हात काढली, पाणी बंद केलं आणि महिन्याभराचा मार एका बैठकीत दिला. बैल गेला आणि झोपा केला, तोही बैलाच्याच पाठीवर! संध्याकाळी निम्मी रोपं आडवी. उरलेली त्यानं तशीच लावली. आठ दिवसांनी आभाळ भरून आलं, हवा कोंदट झाली आणि फाटक्या पानांतून करपा रोग आत शिरला. महिना भरायच्या आत त्याचं रान काळं पडलं. वहिनीच्या पानांवरही ठिपके आले, काही पानं गळाली. मग रोपांनी नवी पालवी काढली.

निकाल बघायला गाव जमलं. मफलर म्हणाला, "बी भेसळीचं होतं."

"माझंही तेच बी, भावोजी."

"मग झाडूत खोट असणार."

लोक पोट धरून हसले. पट्टी राहिली म्हणून वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि आडोशाला ठेवलेल्या जास्तीच्या रोपांचे दोन ट्रे त्याच्यापुढे सरकवले. मफलर पार ओशाळला. तावातावानं कानांवरचा मफलरच ओढून काढायला लागला.

वहिनीनं त्याचा हात धरला.

"एकदम नको, भावोजी. आज एकच वेढा काढा."