टेकडीवरचा ईथरचा वारा

उजेड वाहून न्यायला अवकाशभर ईथर भरलेलं आहे, आणि पृथ्वी त्यातून धावते म्हणून त्याचा वारा लागतो, असं माझा नवरा एल्मर आयुष्यभर म्हणत आला. क्लीव्हलंडला एका तळघरात झालेल्या जुन्या प्रयोगात तो वारा सापडला नव्हता. एल्मर म्हणायचा, तळघरात कुठला वारा लागणार? टेकडीवर जाऊन बघा.

म्हणून आमचे सगळे उन्हाळे ओहायोतल्या एका टेकडीवर, लाकडी खोपटात गेले. पाऱ्यावर तरंगणारा दगडी चौथरा संथ फिरायचा. त्याच्यासोबत दुर्बिणीला डोळा लावून एल्मर फिरायचा आणि उजेडाचे पट्टे किती सरकले ते मोठ्यानं सांगायचा; पट्टे सरकले म्हणजे वारा लागला. कोपऱ्यात झाकलेल्या दिव्याशी बसून मी ते लिहायचे. जागा बदलायची नाही, ही सक्त ताकीद. इतरांच्या बायका सुट्टीत तळ्याकाठी जायच्या. मी कुरकुर केली नाही, कारण पट्टे खरंच सरकायचे आणि आनंदानं त्याचा आवाज कापायचा. त्या आनंदात माझाही वाटा आहे, असं मी धरून चालले होते.

कॉलेजात लोक त्याला हसू लागले. पुढे त्याचे पायही गेले, तेव्हा त्यानं जुना विद्यार्थी क्लाइड याला गळ घातली, तू एकदा टेकडीवर मोजमाप घेऊन बघ.

रविवारी क्लाइड आला तो थेट स्वयंपाकघरात, माझ्याकडे. ॲपल पायला त्यानं हात लावला नाही, तेव्हाच मी काय ते समजले.

"लिहिणाऱ्याला बाहेर बसवलं, मिसेस हॅझलेट. पट्टे जागचे हलले नाहीत."

"मग?"

"मग तुमच्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवली. लागले सरकायला." तो माझ्याकडे बघेना. "माणसाच्या अंगची ऊब, दुसरं काही नाही. सरांना सांगायचं का, ते तुम्ही ठरवा."

"मोठा शहाणा. नको ते काम तेवढं माझ्या गळ्यात."

सांगितलं मीच. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

एल्मरनं माझ्या अक्षरातली जुनी वही उघडली.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुलाच मोजत होतो, विनी."

मी त्याच्या शेजारी बसले. वाटलं, आता बोलेल काहीतरी, त्या सगळ्या उन्हाळ्यांबद्दल.

"पुन्हा घेऊ या," तो म्हणाला. "पट्टे क्लाइड बघेल. या खेपेला तू बाहेर थांब."

मी बरं म्हणाले. टेकडीवर पहाटे चांगलीच थंडी असते. अंगावर काही घे, एवढंही तो म्हणाला नाही.