पहिले हजार किलोमीटर

मागच्या टिप्परनं लांब हॉर्न दिला, तरी उज्ज्वलानं पाय होता तिथंच ठेवला. काटा पन्नासच्या जरासा पुढं होता. टिप्पर उजवीकडून निघून गेला आणि त्याच्यातून सांडणारी वाळू नव्या काचेवर तडतडली.

शेजारी बसलेल्या रामेश्वरनं टिप्पर दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं बघितलं.

"वहिनी, वाळूनं भरलेली गाडी मोरं गेली. आता बैलगाडी तेवढी ऱ्हायली."

"हजार किलोमीटर होईपर्यंत ताण द्यायचा नाही, भाऊजी. इंजिन अजून बसायचंय."

"आमच्या दादांची नवी गाडी मी पयल्याच दिवशी शंभरनं आणलती. काय झालं तिला?"

उज्ज्वला बीडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला घासत घासत कशा बसतात, ते तिनं वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं. पुस्तिकेत ऐंशीपर्यंत मुभा होती, ते सांगितलं नाही.

मागं तिची जाऊ, रामेश्वरची बायको संगीता, पूजेच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या बाजूला तिची मुलगी वैष्णवी, नवरीच्या पिवळ्या साडीत. तिच्या दहावीच्या निकालाला अजून महिना झाला नव्हता. लग्न गेवराईच्या पुढं, मुलाच्या शेतातल्या घरी होतं. पत्रिका नाही, मांडव नाही, बँड नाही. मुलगा विठ्ठलरावांचा पुतण्या. विठ्ठलरावांच्या, म्हणजे रामेश्वरच्या दादांच्या, शब्दाबाहेर गावात कुणी जात नसे आणि रामेश्वर तर कैक वर्षं त्यांचीच गाडी चालवत होता.

उज्ज्वलाला हे काल संध्याकाळी कळलं. ती पालीला, सासरच्या गावी, आली होती ती गाडी दाखवायला. पोरीला शिकू द्या, असं ती रामेश्वरला एकदा म्हणाली. तुमी यात पडू नका, एवढंच तो म्हणाला. आज सकाळी गोठ्याच्या मागं जाऊन तिनं बाल हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईनं सगळं नीट विचारून घेतलं. बीडहून माणसं निघतील, म्हणाली. पण गोळा होऊन निघायला वेळ लागेल, तोवर जमेल तेवढं थांबवून धरा. मग उज्ज्वला अंगणात आली आणि म्हणाली, भाड्याची जीप कशाला, नवरी नव्या गाडीतून जाऊ दे. चालवायला मात्र कुणाला देणार नाही. नवं इंजिन एकाच हाताखाली असावं, असं तिनं ठोकून दिलं.

बीडच्या बाहेर तिनं पेट्रोल भरलं. मग चारी चाकांची हवा बघून घेतली. पंपावरचा माणूस हसला, रामेश्वर हसला नाही.

टोलनाका यायच्या आधी त्याचा फोन वाजला. तो सीटवर ताठ झाला, शर्टाची कॉलर सारखी केली.

"जी दादा. निघालोत. हे काय, आलोच. जी. जी."

त्यानं फोन खिशात ठेवला.

"गाडी बाजूला घ्या."

"भाऊजी, मी घेते ना थोडी वेगात."

"घ्या म्हणलं ना बाजूला."

तिनं गाडी थांबवली. दोघं उतरले, बोनेटपुढून एकमेकांना ओलांडून गेले. रामेश्वरनं सीट मागं सरकवली, आरसा आपल्यापुरता वळवला आणि गाडी काढली.

इंजिनाचा आवाज चढत गेला. नव्वद. शंभर. त्याचे हात चाकावर अगदी सैल होते. उज्ज्वलाला आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसून माणसाचा पाय उगाच ब्रेक शोधतो, तसा तिचाही शोधत होता.

"जरा दमानं," संगीता म्हणाली.

"मुहूर्त टळला तर तू सांगणार हायस का दादांला?"

संगीतानं पिशवी जवळ ओढली.

"काकू," वैष्णवी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "कॉलेजं कधी सुरू होत्यात?"

उज्ज्वलानं मागं वळून बघितलं नाही. "पंधरा दिवसांत."

"अस्सं."

रामेश्वरनं घसा खाकरला आणि पुढच्या ट्रकला मागं टाकलं. ट्रकच्या पुढं एक पांढरी जीप बेताच्या वेगानं चालली होती. मागच्या काचेतून एक महिला पोलीस दिसत होती, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. रामेश्वरनं जीपही मागं टाकली. ओलांडताना त्यानं दारावरची पाटी वाचली. 'महिला व बाल विकास' एवढं उज्ज्वलालाही दिसलं. तिनं नजर खाली, स्वतःच्या हातांवर आणली.

आरशात जीप लहान होत चालली. गेवराई आता फार लांब नव्हतं. या वेगानं ते जीपच्या बरेच आधी पोचले असते. अक्षता पडायला कितीसा वेळ लागतो.

रामेश्वर आरशात बघत होता. मग त्यानं तिच्याकडं बघितलं.

"तुमी?"

"हो."

त्यानं खिशातून फोन काढला. एक फोन गेला असता, तर जीप पोचेपर्यंत शेतातल्या घरी पिवळी साडी नाही, भटजी नाही, नुसती चहा पिणारी माणसं दिसली असती. उज्ज्वला त्याच्या अंगठ्याकडं बघत राहिली. अंगठा काचेवर होता, पण दाबत नव्हता.

इंजिनाचा आवाज उतरला. ऐंशी. साठ. रामेश्वरनं गाडी डाव्या अंगाला घेतली. आरशातली जीप मोठी होत गेली, बाजूला आली आणि पुढं निघून गेली. त्यानं तिच्या मागं वेग वाढवला नाही.

हातातला फोन वाजायला लागला. पुष्कळदा वाजू दिल्यावर त्यानं तो उचलला.

"जी दादा." पलीकडचा आवाज गाडीभर ऐकू येत होता. रामेश्वरनं फोन कानापासून जरा लांब धरला. "न्हाई, मागंच हाव अजून... गाडी वहिनीची हाय ना दादा, लई नवी हाय. पळवता येत न्हाई."

पलीकडून आणखी काहीतरी आलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तो त्यानं बाहीला पुसला.

"वेळ लागंल, दादा. पाव्हण्यांला उपाशी ठिवू नका," तो म्हणाला. "तुमी पंगती बसवून घ्या."