सत्ताविसाव्या बारपासून

फुंकून वाजवायच्या त्यांच्या पाच वाद्यांत सगळ्यात कमी हवा सनईच्या जातीच्या ओबोला लागते आणि त्यामुळेच ओबो वाजवणाऱ्याचा जीव सगळ्यात जास्त घुसमटतो. बोरूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना बांधून रीड करतात. तिच्या फटीतून हवा जाते जेमतेम, बाकीची छातीतच शिळी होत बसते. म्हणून आधी जुना श्वास सोडायचा, मग नवा घ्यायचा. विद्यापीठात ओबो शिकवताना ती हे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच तासाला सांगे. पोट गच्च भरलंय आणि तरी भूक लागलीय असं वाटेल, घाबरायचं नाही. मुलं हसत आणि आठवडाभराने खरंच घाबरत.

मुलं तिला बाई म्हणत. बरोबरीची चौघं आधी चेष्टेने म्हणू लागली आणि मग तेच नाव पडलं. फ्लूट, क्लॅरिनेट, हॉर्न, बॅसून आणि तिचा ओबो असं त्यांचं पाच जणांचं क्विंटेट शिकत असतानाच जमलं होतं. हॉर्न वाजवणारा वयाने मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा. तो क्विंटेटला पंचक म्हणायचा. एकदा लागलं की सुटत नाही, असा त्याचा विनोद होता. पुढे पाचही जणांना एकाच विभागात नोकऱ्या लागल्या. एका बोळात पाच खोल्या, पाच दारं, आणि दिवसभर भिंतीपलीकडून एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे बेसूर आवाज.

नोकरीने पोट भरलं, पण वाजवणं हळूहळू सुटत गेलं. तास वाढले, परीक्षा वाढल्या, अभ्यासक्रमाच्या बैठका मानगुटीवर बसल्या. ती दिवसभर ओबो हातात घेऊन असे, पण वाजवी फक्त दोन ओळी, त्याही दाखवण्यापुरत्या. मुलगा चुकला की ती ओबो खाली घेई, कुठून घ्यायचं ते सांगे आणि मुलगा परत सुरू करी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता काही वाजवलंय असं तिचं हल्ली व्हायचंच नाही. एकदा जेवताना नवरा ऑफिसातला किस्सा सांगत होता. तिने त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाली, शेवटाकडे घाई झाली, मधल्यापासून परत सांग. नवरा आधी खो खो हसला आणि मग उरलेला किस्सा न सांगताच उठला.

तास कमी करून द्या म्हणून ती विभागप्रमुखांकडे गेली होती. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. वाजवणारे ढिगाने मिळतात, पण शिकवणारं माणूस मिळत नाही, असं म्हणून त्यांनी पहिल्या वर्षाची आणखी एक तुकडी तिच्या गळ्यात मारली. उरलं होतं ते पंचक. तिथे तिला कुणाला काही शिकवायचं नव्हतं. तेही गेलं असतं तर तिच्याजवळ इतरांच्या चुकांशिवाय काहीच राहिलं नसतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मोठ्या खंडानंतर पंचकाचा कार्यक्रम ठरला. सभागृह छोटं होतं, पण भरलं होतं. पहिला भाग छान गेला. दुसरा संथ होता. त्यात सत्ताविसाव्या बारमध्ये, म्हणजे लिहिलेल्या संगीताच्या सत्ताविसाव्या रकान्यात, हॉर्नचा एक लांब सूर येतो. दादाचा तो सूर फाटला. हॉर्न वाजवणाऱ्या कुणाचाही कधी ना कधी फाटतो.

तिने ओबो खाली घेतला आणि स्पष्ट, शांत, वर्गातल्या आवाजात म्हणाली, "सत्ताविसाव्या बारपासून परत."

हे बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं झालं. फ्लूट थांबली, बॅसून थांबला. क्लॅरिनेट क्षणभर एकटाच पुढे गेला आणि मग त्यालाही कळलं. प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं. कार्यक्रमाचाच भाग आहे असं त्याला वाटलं असावं. पाचांनी परत सुरू केलं. या वेळी दादाचा सूर असा लागला की शेवटी टाळ्या थांबेनात. त्या टाळ्या ऐकताना तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

आत गेल्यावर सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. क्लॅरिनेटवाल्याने विचारलं, बाई, मार्क किती? तीही हसली.

पण पुढच्या तालमींत कुणी मोकळं वाजवेना. बॅसूनवाला आपली जागा आली की आधी तिच्याकडे बघायचा, हजेरी चालू असल्यासारखा. फ्लूट वाजवणारी तिची जुनी मैत्रीण. ती तर अवघड जागा इतक्या जपून वाजवायची की ऐकवेना. मग एके दिवशी दुपारी दादा तिच्या खोलीत आला आणि विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसला.

तिनेच विषय काढला. "दादा, राग आलाय ना तुला?"

"राग कसला? सूर फाटलाच होता."

"मग?"

"फाटला तर तू झाकायचा होतास. तिथे आपण एकमेकांना झाकतो, बाई. तपासत नाही."

दादा गुडघे चोळत राहिला. मग त्याने भराभर सांगून टाकलं, बहुधा पाठ करूनच आला होता. चौघांचं बोलणं झालं होतं. तिच्यासारखा कान कुणाला नाही, तेव्हा तिने समोर बसावं, ऐकावं, सांगावं. पंचक तिचंच राहील.

"आणि ओबो?"

"तुझ्याकडची ती शेवटच्या वर्षातली मुलगी." दादाने खिडकीकडे पाहिलं. "तयार आहे का, ते तूच सांग. तू नाही म्हणालीस तर विषय संपला."

तो मनापासून बोलत होता. एका शब्दाचं काम होतं. अजून कच्ची आहे, एक वर्ष जाऊ दे, एवढं म्हटलं असतं तर कुणी शंका घेतली नसती, आणि वर्षभरात काय काय होऊ शकतं. ती मुलगी कशी वाजवते ते तिने डोळ्यांसमोर आणलं. चूक शोधायला म्हणून मनातल्या मनात ऐकलं आणि शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की आपण मुलीला पेपर तपासावा तसं प्रामाणिकपणे जोखतोय.

"तयार आहे," ती म्हणाली. "वरच्या सुरांत जरा घाई करते. ते मी बघते."

दादाने मान हलवली. तो उठला, खुर्ची भिंतीला लावली आणि दारात वळून म्हणाला, "उद्या तालमीला या, बाई."

शिकत होते तेव्हापासून तो तिला ये म्हणत आला होता. आपण या म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. बाहेर बोळात पुढच्या तासाची मुलं वाद्यं जुळवत होती. त्याला वाट देत मुलं बाजूला झाली आणि एकेक करून आत येऊ लागली.