पूजेतला अँटेना

मी इकडे तमिळ मुलखात शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, पण राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या मराठी लोकांना तेवढं पुरतं. विज्ञानाचा मास्तर म्हणजे त्याला वायर कळणारच. म्हणून सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी गुरुराजमामांचं बोलावणं आलं, तेव्हा वाटीतलं प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल अर्धवट सोडून निघालो.

मामांनी नुकतीच केबल घेतली होती. गल्लीच्या टोकाला एकाने गच्चीवर भली मोठी डिश बसवून घरोघर वायर ओढली होती. टीव्हीवर हाँगकाँगचं चॅनेल दिसत होतं, वाळवंटातला क्रिकेटचा सामना दिसत होता. फक्त मद्रास दूरदर्शन दिसत नव्हतं. त्यासाठी घरातला जुना दोन दांड्यांचा अँटेना लावा, असं केबलवाला सांगून गेला होता. आणि मामांना आज मद्रासच हवं होतं. बातम्यांसाठी, असं ते म्हणाले. बातम्या कसल्या, आज त्यांच्या मुलीची, नित्याची, वीणा होती, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. मुलीने वीणेपायी बँकेची नोकरी सोडली, तेव्हापासून मामा तिच्याशी बोलत नव्हते. कार्यक्रमाचा फोनही तिने चंद्रमतीमामीलाच केला होता.

टीव्हीच्या मागे भोक एकच. केबल काढली की हाँगकाँग जाई, लावली की येई. पण अँटेना कुठे? मामा म्हणाले, केबलवाल्यानेच लांबवला. माळ्यावर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, माझं डोकं चालेना. शेवटी देवापुढे हात जोडायला गेलो, तर पुस्तकांच्या ढिगातून, रेशमी वस्त्राखालून, दोन चकचकीत दांड्या बाहेर आलेल्या. त्यांना हळदकुंकूही लावलेलं.

घरातली सगळी उपकरणं पूजेत ठेवा, असं फर्मान सकाळी मामांनीच काढलं होतं. मामीने विळी ठेवली, मामांची पेनं ठेवली, सायकलचा पंप ठेवला आणि अँटेनाही ठेवला. टीव्ही मावला नाही म्हणून वाचला. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीच्या पुनःपूजेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम, आणि मामांइतका तो कुणीच पाळत नसेल. नित्या लहानपणी एकदा या दिवशी पूजेतली वीणा घेऊन बसली, तर त्यांनी ती तिच्या मांडीवरून उचलून परत देवापुढे ठेवली होती. पोर कितीतरी वेळ रडत होती.

मामा एकदा देवाकडे पाहत, एकदा घड्याळाकडे. मग त्यांनी तोडगा काढला: अँटेना हलवायचा नाही, टीव्हीच देवापुढे न्यायचा. आम्ही नेला. वस्त्राबाहेर लोंबणारी वायर मी केबलच्या जागी लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

मामी पुढे आली. "तिच्या मांडीवरली वीणा तुम्हीच उचलून ठेवली," ती म्हणाली. "आतां हें तुम्हीच काढा."

मामांनी देवापुढे दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि अँटेना उचलला. इकडे धरला, तिकडे फिरवला. ते टीव्हीच्या मागे जाऊन हात उंच करून उभे राहिले, तेव्हा मुंग्या विरल्या आणि नित्या दिसली. वीणा मांडीवर घेऊन तिने तार छेडली.

मामा पुढे यायला निघाले. अँटेना कपाटावर ठेवला तर नित्या गेली. मी धरून पाहिला, तरी ती येईना. मामांनी तो माझ्या हातून हिसकावला, पुन्हा मागे जाऊन उंच धरला, तर ती परत आली. असं का होतं ते मला आजही कळलेलं नाही, आणि मी विज्ञानाचा मास्तर.

मामांच्या समोर टीव्हीची पाठ होती.

"बारीक झाली कां ती?" त्यांनी विचारलं.

मामीने डोळे पुसले. "येऊन पाहा की."

"मी हललों तर ती जाईल," मामा म्हणाले. "तूं बघ आणि मला सांग. साडी कोठली नेसली आहे?"