घरच्या बाईची साक्ष

“नाक वर धरा त्याचं, नाक! शेपटीला काय धरायलाव?”

तात्याराव ओरडले तशी मालकानं वेसण ओढून बैलाचं मुंडकं वर केलं. तात्यारावांनी बांबूच्या नळीतलं औषध एका दमात त्याच्या घशात ओतलं. झरीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे कंपाउंडर तात्याराव, आणि हे त्यांना मनातून आवडायचं.

कुंपणापाशी बायनाबाई येऊन उभी राहिली होती. तात्यारावांना वाटलं, शेळी घेऊन आली असेल. पण तिच्याबरोबर शेळी नव्हती.

“सितारामभाऊ दिसला का वो कुठं, कंपाउंडरसाहेब?”

“काऊन?”

“सुनंचा ताप उतरंना झालाय. प्रार्थनंला बोलवायचंय त्याला.”

“मी येतो की संध्याकाळी.”

बायनाबाईनं पदर उगाच सारखा केला. “तुमी कशाला? तुमी कामात दिसायलाव,” ती म्हणाली आणि लगबगीनं निघूनही गेली.

‘तुमी कशाला?’ तात्याराव दिवसभर हे दोन शब्द चघळत राहिले. एका गाईला त्यांनी दुसऱ्या गाईचं औषध पाजलं, आणि तिचं काही बिघडलं नाही म्हणून बरं.

गोष्ट पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीतली. झरीची ख्रिस्ती मंडळी म्हणजे तेरा घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर. पाळकसाहेब परभणीहून एसटीनं महिन्यातून एकदाच यायचे. बाकीच्या रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं ते तात्यारावांनी, सोळा वर्षं, एकही रविवार न चुकवता. मंडळीचा कारभार मात्र वडिलाकडं असायचा. वडील म्हणजे वयानं मोठा माणूस नव्हे, तर मंडळीनं निवडलेला पुढारी. आजारी माणूस, अडलेलं लग्न, भावाभावांतला तंटा, मयत, सगळ्याला आधी वडिलाला हाक जायची. किशनराव वडील नाताळानंतर वारले आणि ती जागा रिकामी झाली. तात्यारावांनी ती मनातल्या मनात कधीच आपल्या नावावर केली होती.

आणि आता मध्येच हा सिताराम!

सिताराम विहिरी खोदायचा, जुन्या विहिरींचा गाळ उपसायचा. बाप्तिस्मा घेऊन त्याला पुरती आठ वर्षं झाली नव्हती. अक्षरशत्रू माणूस. गीत म्हणायला लागला की पेटीवाला हात आवरता घ्यायचा. पण बायनाबाईच्या नवऱ्याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडून सरकारी दवाखान्यात नेलं ते त्यानं. कुणाच्या घरी वाद झाला की हा जाऊन नुसता ओट्यावर बसायचा, तंबाखू मळायचा, आणि तासाभरानं भांडणारे त्याच्यासाठी चहा टाकायचे. तात्याराव गेले की लोक उठून उभे राहायचे. सिताराम गेला की लोक सरकून जागा द्यायचे. दोन्हींतला फरक तात्यारावांना चांगला कळत होता आणि म्हणूनच त्यांच्या पोटात दुखत होतं. सरळ सांगायचं तर ते सितारामवर जळत होते. प्रार्थनेला डोळे मिटले की त्यांना प्रभूऐवजी सितारामचं मुंडासं दिसायचं. आता याला काय म्हणावं?

त्या महिन्यात पाळक व्यंकटराव आले ते नेहमीप्रमाणं तात्यारावांकडं जेवायला. केशरबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तात्यारावांनी संधी साधली.

“वडिलाची निवड शास्त्राप्रमाणंच व्हावी, पाळकसाहेब. नुसते हात वर करून न्हाई. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात नेम घालून दिलेत. ते वाचायचे आन् एकेक नेम लावून बघायचा. वडील नवशिका नसावा. त्याला शिकवता यावं.”

नवशिका कोण आणि शिकवता कुणाला येत नाही, हे काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. पाळकांनाही ते कळायचं राहिलं नाही.

“बरोबर आहे तुमचं,” पाळक म्हणाले. “पण लावायचे तर सगळेच नेम लावू. त्यानं आपलं घर नीट चालवलेलं असावं, हाही त्यातलाच नेम. जुन्या मंडळ्यांत एक रीत होती. ज्याचं नाव पुढं आलं त्याच्या बायकोला सगळ्यांसमोर आधी विचारायचं. घरची बाई गवाही देईल तेव्हाच पुढची गोष्ट.”

“विचारा की. जरूर विचारा,” तात्याराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर सितारामची मालनबाई होती, तोंडाची फटकळ. ती उभी राहिली की नवऱ्याची लाज वेशीला टांगल्याशिवाय बसायची नाही.

पाळक हात धुवायला बाहेर गेले, तेव्हा केशरबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“मला बी विचारतेल?”

“विचारतेल.”

“मी काय सांगू?”

“सांगायचं काय त्यात? हाय ते सांग.”

“हाय ते?” तिनं एकवार त्यांच्याकडं पाहिलं. “बरं.”

रविवारी प्रार्थनाघर भरून गेलं. एरवी उपासनेला न येणारेही आले होते. नेमांचं वाचन तात्यारावांनीच केलं. आवाज खणखणीत, एकही शब्द अडखळला नाही. ‘नवशिका’ या शब्दावर ते अंमळ जास्तच थांबले. मग पाळकांनी दोन नावं सांगितली आणि आधी मालनबाईला उभं केलं.

“रागीट हाय,” ती लागलीच म्हणाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. “एकदा ताट फेकून देल्तं. मंग रात्री उपाशी निजला आन् सकाळी माझ्याआधी उठून पानी भरलं. शिकलेला न्हाई, म्हनून आमच्या पोरीला रोज वाचायला बसवतो. ती वाचती, ह्यो आयकतो. दारू सोडून आठ वर्सं झाली. आनखी काय सांगू?”

“बस, पुष्कळ झालं,” पाळक म्हणाले. तात्यारावांना ते ताट पुरेसं वाटलं. ताट फेकणारा वडील!

मग केशरबाई उठली. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात ती चारचौघांत कधी बोललेली नव्हती. तिचा आवाज इतका हळू होता, की मागचे लोक पुढं सरकले.

“आमच्या घरात दारू न्हाई. कवा हात उगारला न्हाई माझ्यावर. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होती.”

तात्यारावांनी मान थोडी ताठ केली.

“पन माझी लेक पाच वर्सं झाली, घरी आली न्हाई.”

गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कुणी त्यांच्या तोंडावर बोलायचं नाही, एवढंच. सत्यशीलानं वालूरच्या एका बौद्ध शाळामास्तराशी लग्न केलं होतं. पोरगा निर्व्यसनी, शिकलेला. पण लग्न विहारात लागलं, मंडळीसमोर नाही. दर रविवारी शास्त्र वाचणाऱ्याची लेक! तात्यारावांनी तिला सांगितलं होतं, हे दार आता तुला नाही. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नव्हतं. सगळं कसं शिस्तीत चाललं आहे, असंच ते समजत होते.

“नात झाली. चार वर्साची हाय आता,” केशरबाई म्हणाली. “ह्यांनी तिचं तोंड पाह्यलं न्हाई. सितारामभाऊ वालूरला बारवेचा गाळ काढायला जातात. त्यांच्या हातानं मी झबलं धाडते, शेवया धाडते. ती तिकडून निरोप धाडती. पोरगी त्यांच्या खांद्यावर बसून गावभर फिरती म्हनं. त्यांनाच आजोबा म्हनती.”

मग ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, “ह्येच म्हनले, हाय ते सांग. म्हनून सांगितलं.”

तात्यारावांना आधी राग आला, तो बायकोचा. त्यांच्या घरातल्या शेवया दुसऱ्याच्या हातानं जात होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. पण तो राग फार टिकला नाही. आजोबा. तो एकच शब्द त्यांच्या छातीत जाऊन बसला. वडीलपणा घेतला असता तर एक वेळ चाललं असतं. बायनाबाई घेतली, तेरा घरं घेतली, तीही सोसली असती. पण हा शब्द त्यांचा होता. त्यांनी तो वापरला नव्हता, फेकून दिला होता, तरी त्यांचाच होता. आणि तो या विहिरी उपसणाऱ्यानं उचलून नेला!

सिताराम उभा राहिला. मुंडासं काढून त्यानं हातात घेतलं होतं.

“पाळकसाहेब, माझं नाव मागं घ्या. कंपाउंडरसाहेबांनाच करा. मला वाचता येत न्हाई. आन् त्या लेकराचं म्हनाल तर मी तिला लई डाव सांगितलं, तुझा खरा आजा झरीला हाय, लई मोठा मानूस हाय. पन लेकराला काय कळतंय? जो दिसतो त्यालाच म्हनतंय ते.”

झालं! मोठेपणातसुद्धा हा गडी पुढंच. तात्यारावांच्या अंगाची नुसती आग आग झाली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

पाळकांनी नाव मागं घेऊ दिलं नाही. सितारामसाठी हात वर झाले. बायनाबाईनं तर दोन्ही केले आणि शेजारणीनं तिचा एक खाली ओढला. तात्यारावांसाठी तीन हात होते. त्यांतला एक केशरबाईचा होता. ते बघून तात्यारावांना काय वाटलं ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांचे स्वतःचे हात गुडघ्यांवर होते.

नव्या वडिलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची पद्धत होती. सिताराम पुढं येऊन गुडघे टेकून बसला. पाळकांनी एक हात ठेवला आणि वळून म्हणाले, “तात्याराव, तुम्हीही या.”

सगळे बघत होते. तात्याराव उठले, धोतराचा सोगा सावरला आणि पुढं जाऊन त्यांनी हात ठेवला. केस राठ होते, मुळांशी मुरमाची माती होती. पाळक आशीर्वाद मागत होते. तात्यारावांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते बोटांनी ते केस चाचपत होते. खांद्यावर बसलेलं लेकरू पडू नये म्हणून काय धरतं? हेच केस धरत असणार. याच ठिकाणी तिच्या मुठी असणार. त्यांचा हात तिथून निघेना. आमेन झालं, लोक उठले, तरी त्यांचा हात तिथंच होता. शेवटी सितारामनंच तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन अलगद खाली आणला.

घरी दोघं तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी, गुरुवारी, तात्यारावांनी दवाखान्यातून सुट्टी घेतली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वालूरची एसटी धरली. केशरबाईनं कुठं म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ते कदाचित गेले नसते.

एसटीत त्यांनी वाक्य जुळवलं. मी तुझा खरा आजोबा. मग त्यातला ‘खरा’ काढून टाकला, कारण त्या शब्दात सिताराम येत होता. मग पुन्हा घातला. धूळ नाकातोंडात जात होती आणि तात्याराव मनातल्या मनात एका विहीर खोदणाऱ्याशी भांडत होते. तो वालूरला किती वेळा आला असेल, तिच्यासाठी काय काय आणत असेल, तिला कोणत्या नावानं हाक मारत असेल? आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की नातीचं नावच आपल्याला माहीत नाही. घरात ते कधी कुणी उच्चारलंच नव्हतं.

मास्तरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. शेणानं सारवलेलं अंगण, दाराशी तुळशीएवढं डाळिंबाचं झाड. झाडापाशी एक पोरगी डब्याच्या झाकणात माती कालवत बसली होती. कपाळ थेट सत्यशीलाचं. तिनं मान वर केली. परक्या माणसाला बघून ती घाबरली वगैरे नाही.

“कोन पायजे?”

तात्यारावांनी तोंड उघडलं. एसटीत घोकलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. पण पोरगी इतक्या सरळ नजरेनं बघत होती, की त्यांना ते बोलवेना. ती जागा भरलेली होती. तिथं कुणाला तरी उठवून बसावं लागणार होतं, आणि ज्याला उठवायचं त्यानं या पोरीला खांद्यावर घेतलं होतं.

“आई हाय का घरात?” ते म्हणाले.

“हाय. तुमी कोन?”

“मी? मी कंपाउंडर. झरीचा.”

पोरीनं ते नीट ऐकून घेतलं, मातीचे हात फ्रॉकला पुसले आणि ती आत पळाली.

“आई, कंपाउंडर आलेत! झरीचे!”

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. तात्यारावांनी चपला काढल्या, भिंतीकडेला जोडीनं लावल्या आणि कुणी ‘या’ म्हणेपर्यंत ते अंगणाच्या कडेला उन्हात उभे राहिले.