तपकिरी त्रिकोण

आमच्या घरात कायद्याचं नाव आधी मी काढलं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच माथी आलं. मी आनंदनगर एमआयडीसीत बिस्किटांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दिवसभर मैद्यात काही सापडू नये म्हणून डोळे फाडून बघायचं आणि संध्याकाळी बेलवलीला येऊन सासूबाईंना वर्तमानपत्रात मसाला बांधताना बघायचं, हे कुणाला सहन होईल? मी दोन वर्षं बडबड करत होते, पण माझं ऐकतंय कोण.

आईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, बकुळाबाईंचा मसाला आमच्या आगरी घरांत तर जातोच, पण समोरच्या सोसायट्यांतल्या पक्क्या शाकाहारी बायकाही श्रावणात तो मागून नेतात. नुसतं वांगं केलं तरी माणूस पुन्हा भात मागतो.

या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे लटकलेल्या आमच्या पुड्या बघून अन्न सुरक्षा अधिकारी आमच्या दारात आले. शशिकांत साहेब. त्यांनी चहा नाकारला आणि सुधारणा नोटीस दिली. पंधरा दिवसांत नोंदणी करा, पाकिटावर लेबल लावा, नाहीतर विक्री बंद. सुटा मसाला तर विकायचाच नाही.

"साहेब, वास घेऊन बगा. लेबल कशाला पायजे?" आई म्हणाल्या.

साहेबांनी वास घेतला, मग परत एकदा घेतला, आणि तरीही सही घेतली. मला तो माणूस फार आवडला.

नोंदणी मी ऑनलाइन केली. लेबल उल्हासनगरचे हरेशभाई छापणार होते. त्यावर सगळे घटक लिहावे लागतात, जास्त वजनाचा आधी. मिरची, धणे, खसखस इथपर्यंत आई भराभर सांगत होत्या. मग म्हणाल्या, "नि बाकीचा काय काय."

"आई, लेबलवर काय काय असं लिहिता येत नाही."

तेवढ्यात हरेशभाईंचा फोन आला. "भाभी, निशान कौनसा डालूं? वेज का हरा गोल या नॉनवेज का भूरा त्रिकोण?"

"हरा. मसाला आहे, त्यात विचारायचं काय?"

आईंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि बंद करून टाकला. "मूठभर जवला असतो त्यात," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. अंड्याच्या केकपासून चार हात लांब राहणाऱ्या आमच्या कंपनीतल्या जिज्ञासा मॅडमना मी दिवाळीला अर्धा किलो दिला होता, तोही स्वतःच्या हाताने.

"माजी आई टाकायची. भाजून, कुटून. मूठभर जवला कसली मासली? त्याच्याबिगर मसाला लंगडा लागतो." एवढं ठसक्यात बोलून आईंचा आवाज एकदम उतरला. "पन मोतीला कसा सांगू?"

मोतीबाई म्हणजे समोरच्या काकी, आईंची लग्नापासूनची मैत्रीण. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली आणि मासे-मटण सोडलं. आगऱ्याच्या घरात हे सहा महिनेही टिकणार नाही, असं सगळे म्हणत होते. पण टिकलं, आणि त्याचं कारण काकी स्वतः गावभर सांगत आल्या होत्या. "बकुलेचा मसाला असला का मना मासली आठवतच नाय."

आता कशी आठवेल?

"बारीक अक्षरांत लिव," आई म्हणाल्या.

"अक्षर किती मोठं, त्याचाही नियम आहे."

"मंग इंग्लिशमंदी लिव."

"काकींची नात अक्षदा इंग्लिश मीडियमला आहे."

"लिवूच नको. कोन बगतंय?"

"मी बघते," मी जरा जोरातच म्हणाले.

आई पदराशी चाळा करत राहिल्या. "ती माज्या दारात परत नाय आली तर गो?" त्यांनी विचारलं. नोटिशीची त्यांना भीती नव्हतीच. त्या क्षणी मला वाटलं, कायदा कुठंतरी दुसऱ्याच्या घरी गेला असता तर बरं झालं असतं.

लेबल छापून आलं, तपकिरी त्रिकोणासकट. पहिलं पाकीट घेऊन आई काकींकडे गेल्या, आणि मलाही ओढत नेलं. काकी वाल सोलत होत्या. आईंनी पाकीट पुढे केलं, पण त्रिकोणावर अंगठा तसाच. मग एका दमात सांगून टाकलं.

काकींनी विचारलं, "कवापासून?"

"पयल्यापासून."

"मी माळ घातली त्यानंतर पन?"

"त्यानंतर पन."

काकींनी वालाचं सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आठ दिवस ते दार आमच्यासाठी उघडलं नाही. आई जेवायला बसायच्या आणि दोन घास खाऊन उठायच्या. नवव्या दिवशी त्यांनी नवीन मिक्सर आणवला, गरम पाण्याने दोनदा धुतला आणि जवळ्याशिवाय अर्धा किलो मसाला केला. हरेशभाईंनी हिरवा गोल छापून दिला. पाकीट काकींच्या ओट्यावर मीच ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी आल्या. हातात वांग्याच्या भाजीची वाटी. खाली बसल्या आणि वाटी आईंपुढे सरकवली. "खाऊन बग."

आईंनी घास घेतला. "बरा लागतंय," त्या म्हणाल्या. हे धडधडीत खोटं होतं, पण त्याला लेबल लागत नाही.

"काय बरा नाय. काल खाल्ला नि तवापासून मना नुसतं बोंबील दिसतात. बावीस वर्सांत पयल्यांदा."

आईंनी हात जोडले. "मोती, चुकला माजा."

"चुकला तर हायच." काकींनी डोळे पुसले, आणि पुसता पुसताच त्यांना हसू फुटलं. "ती बावीस वर्सां तुज्या नावावर लाव. माजा नेम कालपासून धर. आनि या हिरव्याची दोन पाकिटा दे. तो तिरकोनवाला तेवढा माज्या नजरेला पाडू नको."

आई लगेच उठल्या. फळीवरची सगळी तपकिरी पाकिटं त्यांनी एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवली. लेबल गिऱ्हाईकाला समोर दिसलं पाहिजे, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी चहा टाकायला आत गेले.