पेंडल साहेबाच्या हाडांचं गाऱ्हाणं

माझं लग्न चार वर्षं अडून राहिलं ते हुंड्यापायी नाही की पत्रिकेपायी नाही. ते अडलं रॉय पेंडल नावाच्या एका इंग्रजाच्या हाडांपायी. हा माणूस इंग्लंडातल्या ऑल्डर्सबी नावाच्या बंदरात फुटबॉल खेळायचा. तिथल्या क्लबाचा तो कप्तान. आमची कधी भेट झाली नाही, आणि रत्नागिरी नावाचं गाव जगात आहे हे त्याला ठाऊक असण्याचंही काही कारण नाही. पण त्याचं कोणतं हाड कोणत्या साली मोडलं ते मला आजही झोपेतून उठवून विचारा. नातवंडांच्या वाढदिवसांत माझा घोटाळा होतो, पेंडलच्या हाडांत होत नाही.

१९८१ साली मी एकोणीस वर्षांची होते. माघात केरूशी माझा साखरपुडा झाला. आमच्याच वाडीतला मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी. आदल्या वर्षी त्याची बोट दुरुस्तीसाठी ऑल्डर्सबीला दीड महिना अडकून पडली होती. तिथं गोदीतल्या लोकांनी त्याला सामना बघायला नेलं. पेंडलच्या कपाळाला खोक पडली, पट्टी बांधून तो परत मैदानात आला, पांढऱ्या पट्टीची लाल पट्टी झाली तरी धावत राहिला. केरू त्या दिवसापासून कामातून गेला.

साखरपुड्याच्या दिवशी मोठ्या मुश्किलीनं त्यानं मला विहिरीपाशी एकटीला गाठलं. माझं काळीज धडधडत होतं. आणि तो बोलला काय?

"हिरा, मधला खेळाडू म्हणजे काय, तुला माहीत हाय?"

"नाय."

"पुढच्यांना चेंडू द्यायचा, मागच्यांच्या मदतीला धावायचं, आणि सगळ्यांवर ओरडायचं. आपला तांडेल कसा होडीवर असतो, तसा. पेंडल साहेब तसा हाय."

"बरं," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? पण सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते, की हा माणूस आपल्याला आवडला हे मला तिथंच कळलं.

मग शिमगा आला. देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकली, सगळी वाडी भोवती उभी राहिली आणि भागोजी गुरव एकेकाचं गाऱ्हाणं देवाच्या कानी घालू लागले. कुणाची होडी, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुंबईत हरवलेला भाऊ. भागोजींनी एक वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. केरूची पाळी आली. त्यानं थोडी घेतलेली होती. तो भागोजींच्या कानात काहीतरी बोलला. भागोजींनी दोनदा विचारलं, "नक्की ना रे?" आणि मग खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! हा तुझा केरू, ह्याचा साहेब रॉय पेंडल, इंग्लंड मुलुखातला, त्याच्या हातात मोठा कप येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जोपर्यंत त्याच्या हातात कप येत नाय, तोपर्यंत हा केरू बोहल्यावर चढणार नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या गजरात माझाही आवाज होता. चांगला मोठा होता. लहानपणापासून तोंडाला लागलेली सवय. भागोजी थांबले की तोंड आपोआप उघडतं.

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता. "अगो मेले, व्हय कशाला बोललीस? तुझाच नवरा ना तो!"

पण बोलणं देवाच्या पुढ्यात झालं होतं. दुसऱ्या दिवशी केरूची दारू उतरली, तो पांढराफटक पडून आमच्या दारात आला. समुद्रावर पोट असलेला माणूस देवाला दिलेला शब्द मोडत नाही. तशी कुणाची छातीच होत नाही. "घाबरू नको," मला म्हणाला, "तिकडं मे महिन्यात कपाचा शेवटचा सामना असतो. ह्या वर्षी साहेबच जिंकणार. दोन महिन्यांचा तर प्रश्न हाय."

पंधरा दिवसांत पेंडलची नडगी मोडली.

ही बातमी आम्हाला महिपत मास्तरांनी दिली. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. केरूनं बोटीवर जाताना आपला जपानी ट्रान्झिस्टर त्यांच्या ओटीवर ठेवला होता आणि शनिवारी संध्याकाळी लंडन लावून मला सामना समजावून सांगायचा, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मास्तरांना फुटबॉल कळत नव्हता आणि मला इंग्रजी. तरी दोघं मिळून आम्ही भागवायचो.

पुढल्या शिमग्याला मी स्वतः भागोजींकडे गेले. "नडगीचं गाऱ्हाणं घाला."

"त्याच्या बापाचं नाव काय?"

मी केरूची पत्रं चाळली. नशिबानं तेही होतं त्यात. मग पालखीपुढं विल्यम पेंडलच्या वंशातल्या रॉयची उजवी नडगी देवाच्या पदरात घातली गेली, आणि सगळ्या वाडीनं व्हय म्हाराजा केलं. नडगी बरी झाली. लोखंडासारखी झाली, असं मास्तर म्हणाले. आणि एप्रिलात डावा गुडघा गेला.

"मी नडगीचं बोललो होतो," भागोजी म्हणाले. "गुडघ्याचं तुम्ही कोण बोललाव नाय."

तोवर माझी गोष्ट बाजारभर झाली होती. मी आईबरोबर मासे विकायला बसायची. टोपली उतरवायच्या आत सुरू. "हिरे, तुझ्या साहेबाचा गुडघा काय म्हणतो?" "सुरमई राहू दे, आधी हाडांचा भाव सांग!" पलीकडची राही तर मोठ्यानं हाक मारायची, "गो पेंडलीण!" मी चिडायची, आणि घरी येऊन त्याच गुडघ्याची काळजी करायची. हळूहळू मला तो माणूस घरातला वाटू लागला होता. केरूनं पाठवलेला त्याचा फोटो मी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला होता. भुरे केस, तुटका दात, आणि असं हसू की मोडलंय ते दुसऱ्याचंच.

८३ साली मी भागोजींना म्हटलं, आता एकेक अवयव नको, सगळाच माणूस मागू या. भागोजींनी दोन दिवस तयारी केली. पालखीपुढं त्यांनी टाळूपासून सुरुवात केली. कपाळ, नाक, मान, खांदे, कोपरं, मनगटं, बरगड्या, कंबर, मांड्या, गुडघे, नडग्या, पावलं, दहाही बोटं. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. पालखीचे भोई सहाणेशी उभे राहून राहून दमले. आणि काय सांगू, त्या वर्षी पेंडलला खरचटलंसुद्धा नाही! क्लब शेवटच्या सामन्यात पोचला. आईनं गुपचूप माझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं. आणि सामन्याच्या तीन दिवस आधी कप्तानाला गालगुंड झालं. दोन्ही बाजूंनी.

"गाल राहिले," भागोजी डोक्याला हात लावून खाली बसले. "नाकावरून मी थेट मानेवर गेलो."

कप्तानाविना क्लब हरला. ८४ साली खांदा निखळला, शेवटच्या सामन्याच्या कितीतरी आधी.

आता आईचं हसणं संपलं. माझी आई सखू, सगळ्या बाजारात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक तिची जीभ आणि दुसरी तिची तपकीर. चिमूट ओढून ती शिंकली की टोपलीवर टपलेली मांजरं चार दुकानं पलीकडे पळायची. ८५च्या शिमग्यानंतर ती मला म्हणाली, "तू तेवीसची झालीस. हर्णैचं स्थळ आलंय, स्वतःची होडी हाय. ह्या मे महिन्यात तुझ्या साहेबानं काय ते केलं तर केलं. नायतर पावसाच्या आत तुला हर्णैला देणार. मग केरू बसू दे त्या इंग्रजाचे पाय चेपत."

"आई..."

"आई नाय आणि बाई नाय. देवाशप्पथ!"

म्हणजे आता दोन शपथा झाल्या, आणि मधे मी.

क्लब त्या वर्षी पुन्हा शेवटच्या सामन्यात पोचला. पेंडल अख्खाच्या अख्खा होता, गालांसकट. शनिवारी दिवेलागणीला मास्तरांच्या ओटीवर अर्धी वाडी जमली. रेडिओ मधेच समुद्रासारखा गाजायचा, मधेच बोलायचा. शेवटची वीस मिनिटं राहिली आणि मास्तर एकदम ताठ झाले.

"पडला."

"कोण?"

"तोच. खांदा."

कुणीतरी म्हणालं, "गेली हिरा हर्णैला!"

"थांबा हो!" मास्तर कानाला रेडिओ लावून ओरडले. "बाहेर जात नाहीये! हात छातीशी बांधून घेतलाय... उभा राहिलाय... एका हातानं खेळतोय!"

मी कधी उठून उभी राहिले ते मला कळलं नाही. मग पेंडलनं चेंडू पुढं दिला, दुसऱ्या कुणीतरी तो आत मारला, मास्तरांनी "गोल!" म्हणून जी उडी मारली तिनं ओटीवरची समई आडवी झाली. क्लब जिंकला! म्हाताऱ्या बाया नाचल्या. राहीनं मला उचलून गरागरा फिरवलं. "पेंडलीण निघाली गो सासरी!"

त्या गोंधळात मास्तर मात्र तोंड पाडून बसले होते. "कप... दुसऱ्यानं उचलला असं म्हणाले बहुतेक. ह्याचा हात बांधलेला ना."

आठ दिवसांनी केरू रजेवर आला. हातात तिकडचं वर्तमानपत्र. पहिल्याच पानावर फोटो होता. मधे पेंडल, एक हात छातीशी बांधलेला, दुसरा सोबत्याच्या गळ्यात. कप त्या सोबत्याच्या हातात. आणि कपाचं झाकण पेंडलच्या डोक्यावर, टोपीसारखं.

वाडीत दोन तट पडले. "झाकण म्हणजे कपच की!" "मग तुझ्याकडं जेवायला येतो, टोपाचं झाकण वाढ." "अरे, पण बोललेलं हातात. हे तर डोक्यावर." केरू फोटो उलटसुलट करून बघत होता. लग्न त्याला माझ्याइतकंच हवं होतं, पण तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा समुद्रावर जायचं होतं. शेवटी म्हणाला, "देव सांगेल ते. कौल लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. भागोजींनी देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "म्हाराजा, साहेबाच्या हातात कप आला असं धरायचं असलं, तर उजवा दे."

पाकळ्या हलेनात. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. केरूच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. मग डावी पाकळी खालच्या टोकानं थोडी सुटली. सगळं देऊळ एकदम "श्श" झालं.

मला राहवेना. मी पुढं झाले. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण त्या वेळी कोण विचारतोय! "म्हाराजा," मी म्हटलं, "ह्याच्या बोलण्याला व्हय म्हणणाऱ्यांत मीपण होते. चूक माझीपण हाय. पण चार वर्षं त्या माणसाचं हाडन् हाड मी तुझ्याकडं मागितलं. तू एकेक दिलंस, आणि एकेक नेलंस. शेवटी एका हातानं खेळला तो. बांधलेल्या हातानं कप कसा धरणार? डोक्यावर घेतला. आम्हीपण तुझी पालखी खांद्यावर घेतो, हातात नाय धरत. मग ती तुझी सेवा नाय?"

"बरोबर बोलली!" मागून राही ओरडली.

डावी पाकळी आणखी सुटली.

तेवढ्यात माझी आई माणसांतून वाट काढत पुढं आली. हर्णैचं स्थळ तिनंच आणलं होतं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता मला ओढत घरी नेणार. ती माझ्याजवळ आली, देवाच्या उजव्या अंगाला उभी राहिली. कमरेची डबी काढली. इतकी मोठी चिमूट मी तिला कधी घेताना पाहिलं नव्हतं.

शिंक अशी आली की घंटा किणकिणली.

उजवी पाकळी खाली होती.

भागोजींनी पाकळीकडं बघितलं, देवाकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"सर्दी झालीये," आई नाक पुसत म्हणाली. "सकाळपासून."

"देवानं दिलं," भागोजी म्हणाले. "उजवा दिला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाचं छप्पर उडतंय की काय असं वाटलं. केरू हसत होता, रडत होता. त्यानं दोन्ही हात जोडले आणि आनंदानं वेडा होऊन मोठ्यानं म्हणाला, "म्हाराजा, आता त्या साहेबाचा खांदा बरा होईपर्यंत मी..."

भागोजींनी सवयीनं मान डोलवायला सुरुवात केली होती. सगळ्या वाडीची तोंडं व्हय म्हणायला उघडली होती. मी झेप घेतली आणि दोन्ही तळवे केरूच्या तोंडावर घट्ट दाबले. सकाळीच बांगडे साफ केले होते, हाताला वास होता. त्याचे डोळे विस्फारले. देऊळ हसून हसून लोळलं. पण भागोजींनी पंचांग उघडून तारीख काढेपर्यंत मी काही हात काढला नाही.